पेल्यातला दोरा

आज तुमच्याशी एका हिरव्या पेल्याबद्दल बोलायचं आहे. सकाळची वेळ असते, शाळेची रिक्षा यायला वीस मिनिटं उरलेली असतात, डबा अर्धाच भरून झालेला असतो. तेवढ्यात वेळ काढून केलेली पालकाची स्मूदी तुम्ही मुलासमोर ठेवता. मूल एक घोट घेतं, तोंड वाकडं करतं आणि पेला सरकवून देतं. मग घरात बोलाचाली सुरू होते. ‘याला पालेभाजीच नको असते’, ‘तुम्हीच लाडावून ठेवलंय’, ‘आम्ही लहान असताना असे नखरे चालत नव्हते’. माझ्या घरातही हे घडलं आहे, म्हणून मनापासून सांगावंसं वाटतं.

माझा नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने पेला परत केला तेव्हा मी त्याला जवळ घेऊन विचारलं, “काय आवडलं नाही रे?” त्याने जीभ बाहेर काढली, बोटाने काहीतरी उचललं आणि माझ्यापुढे धरलं. “आजी, यात दोरा आहे.” खरंच होता. पालकाच्या पानाची हिरवी शीर, चांगली बोटाच्या पेराएवढी. चवीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. केळं गोड होतं, लिंबू त्याच्या आवडीचं. त्याला नको होता तो दोरा.

त्यानंतर मी मुलांकडे नीट पाहायला लागले. सायीचं दूध नको, भेंडीची तार नको, रेषाळ आंब्याचा रस नको, पोह्यातली मोहरी दाताखाली आली की घास बाहेर. मोठ्यांना हे नखरे वाटतात. पण मुलांना पदार्थाचा पोत खरोखर खटकतो. गुळगुळीत पेयात मधेच काहीतरी चिवट लागलं की मूल दचकतं, आणि पुढच्या वेळी हिरवा रंग दिसताच तोंड मिटून घेतं. ‘पालेभाजी न खाणारं मूल’ म्हणून आपण ज्याच्यावर शिक्का मारतो, त्याने अनेकदा फक्त त्या तंतूला नकार दिलेला असतो. तो तंतू मोडणं हे मोठ्यांचं काम आहे.

पहिला उपाय मी केला तो गाळणीचा. स्मूदी गाळली, वर हिरवा चोथा उरला, खाली पातळ हिरवं पाणी. नातवाने ते गटागटा पिऊन टाकलं. पण गाळणी धुताना मला बरं वाटेना. ज्या तंतुमय भागाने पोट साफ राहतं आणि फळातली साखर रक्तात सावकाश उतरते, तोच मी मोरीत टाकत होते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ‘मुक्त साखरे’त धरते आणि ती मर्यादेत ठेवायला सांगते. अख्ख्या फळातल्या साखरेला ती त्या हिशेबात घेत नाही. म्हणजे गाळणीने मी माझ्या हातानेच चांगल्या पदार्थाचं सरबत करून ठेवलं होतं. मिक्सर चोथा बारीक करतो, फेकून देत नाही, हाच तर त्याचा फायदा. तेव्हा चोथा पेल्यातच राहिला पाहिजे आणि तरी जिभेला लागता कामा नये. ते कसं जमवायचं?

उत्तर मला माझ्या आईच्या पातळ भाजीत सापडलं. ती पालक निवडताना जाड देठ बाजूला काढायची, पानं डाळ-दाण्यांबरोबर मऊ शिजवायची, मग डाळीचं पीठ लावून रवीने घोटायची. तिच्याकडे मिक्सर नव्हता, पण तिच्या भाजीत दोरा कधी आला नाही. पानाच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते, आणि शिरा व देठ तर त्याहून चिवट. शिजताना ही भिंत सैल होते, मग लाकडी रवीलाही पान ऐकतं. स्मूदीत पान कच्चं असतं. आई आचेकडून जे काम करून घ्यायची, ते आपण एकट्या पात्यावर टाकतो आणि अर्ध्या मिनिटात बटण बंद करतो. दोरा राहणारच.

शिवाय आपला मिक्सर या कामासाठी जन्मलेला नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत स्टीफन पोपलॉस्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं, ते माल्ट घातलेलं दूध घुसळण्यासाठी. तिकडचे ब्लेंडर त्याच वाटेने वाढले. उंच भांडं आणि त्यात पातळ किंवा मऊ पदार्थ. आपल्या स्वयंपाकघरातलं वाटण त्यांना झेपेना. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरी असंच एक परदेशी यंत्र बंद पडलं, आणि पत्नी माधुरी यांच्या अडचणीवर तोडगा म्हणून त्यांनी आपल्याकडचं ओलं-सुकं वाटण सोसेल असा ‘सुमीत’ मिक्सर घडवला. आपल्या ओट्यावरचे मिक्सर त्याच वळणाचे आहेत. खोबरं, डाळ, मसाला यांसारखे जड पदार्थ पात्यावर आपोआप पडतात आणि वाटले जातात. पालकाचं पान मात्र हलकं असतं. ते पाण्यावर तरंगतं, भांड्याच्या भिंतीला चिकटतं, झाकणाला जाऊन बसतं आणि पात्याला चुकवतं.

हे लक्षात आलं की महागडं यंत्र घेण्याचा विचार मागे पडतो. माझ्या मुलाने मला तसा ब्लेंडर घेऊन द्यायची तयारी दाखवली होती. त्याची मोटर घरच्या मिक्सरच्या दुप्पट ताकदीची असते, आणि तो काम झटपट करतो यात शंका नाही. पण घरोघरी असतो त्या ५०० किंवा ७५० वॅटच्या मिक्सरमध्येही सायीसारखी मऊ स्मूदी होते. मी गेली काही वर्षं रोज करते आहे. फक्त पान पात्यापर्यंत पोचवायचं आणि पोचण्याआधी ते मऊ करून ठेवायचं.

सुरुवात निवडण्यापासून करा. कोवळ्या, लहान पानांची जुडी घ्या. देठ पूर्ण काढाच, पण पान मोठं असेल तर ते मधोमध दुमडून मधली जाड शीरही ओढून काढा. नातवाच्या जिभेवर आलेला दोरा तोच होता. देठ फेकू नका, वरणात जातील. पुदिन्याची फक्त पानं घ्या. कोथिंबिरीचे कोवळे देठ चालतात. आलं घालणार असाल तर त्याच्या रेषांवर आडव्या पातळ चकत्या करा, म्हणजे तंतू तोकडे होतात. पानं दोन-तीनदा भरपूर पाण्यात खळखळून धुवा. माती तळाशी बसू द्या आणि पानं वरून उचलून घ्या. सगळं पाणी पानांसकट चाळणीत ओतलं तर माती परत पानांवरच येते.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. धुतलेली पानं फडक्यावर कोरडी करा, पिशवीत भरा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्याचा बर्फ होताना जे स्फटिक तयार होतात, ते पेशींच्या भिंती आतून फोडतात. आई जे काम आचेवर करायची, ते इथे थंडी करते. सकाळी पिशवी बाहेर काढून लगेच वरूनच हाताने चुरडा. कडक झालेल्या पानांचा चुरा होतो, आणि चुरा पात्याला चुकवू शकत नाही. रविवारी अशी चार-पाच दिवसांची सोय करून ठेवली की सकाळची निम्मी धावपळ वाचते.

पावसाळ्यात मात्र कच्चं पान देऊ नका. चिखल, अळ्या आणि गढूळ पाणी यांचे ते दिवस असतात. तेव्हा पानं उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, लगेच गार पाण्यात टाका, मग पिळून घ्या. ते पाणी फेकून द्या. पालकातलं थोडं ऑक्झलेटही त्याबरोबर जातं. क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, ते लिंबाने भरून काढता येतं. आणि पानं पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नका. आतली वाफ कोंडली की झाकण उडतं आणि हात भाजतो.

भांडं मोठं घ्यायचं की लहान? एक-दोन पेल्यांसाठी चटणीचं किंवा मधलं भांडं घ्या. मोठ्या भांड्यात थोडंसं मिश्रण पात्याच्या आजूबाजूला पसरून बसतं. चौघांसाठी करायची असेल तर मोठं भांडं, पण दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही. तुमच्याकडे आतून उभे उंचवटे असलेलं भांडं असेल तर तेच वापरा. ते उंचवटे गरगर फिरणाऱ्या पाण्याला अडवून पुन्हा पात्याकडे ढकलतात.

मग क्रम. आपण सगळं एकदम भांड्यात टाकतो, तिथेच चुकतं. आधी फक्त पानं आणि पाणी. दोन पेल्यांना वाटीभर पानं, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, आणि अर्धी वाटी पाणी. पाणी जास्त झालं की पानं तरंगतात, कमी झालं की पात्याभोवती हवेची पोकळी होते आणि पातं नुसतं हवेत फिरतं. हे ओळखायला मिक्सरचा आवाज ऐका. आवाज एकाएकी पातळ, चिरका झाला की पात्याला काही लागत नाही असं समजा. बंद करा, चमच्याने भिंतीवरचं खाली ओढा, चमचाभर पाणी घाला आणि पुन्हा लावा. आवाज भरीव आला की मिश्रण फिरतंय.

पहिल्या वेगावर अर्धं मिनिट, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर मिनिटभर. एवढं झालं की दोन मिनिटं थांबा. या वेळात चुरा पाणी पिऊन मऊ होतो आणि मोटरही निवते. मग पुन्हा मिनिटभर फिरवा. आता स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर एक थेंब पसरून पाहा. हिरवे ठिपके दिसत असतील तर आणखी फिरवा, एकसारखा हिरवा रंग दिसला की पानाचं काम संपलं. फळ घातल्यावर ही परीक्षा घेता येत नाही, म्हणून ती आत्ताच घ्यायची.

त्यानंतर फळ. पिकलेलं केळं सगळ्यात चांगलं, कारण त्याच्या गराने मिश्रणाला अंग येतं आणि पानाचे बारीक कण त्यात धरून राहतात. खूप पिकलेली केळी सोलून, चकत्या करून फ्रीजरमध्ये ठेवली तर बर्फाचीही गरज उरत नाही. चिकू चालतो. पेरू घालायचा तर त्याचा गर आधी वेगळा फिरवून बिया गाळून घ्या. गाळणीचा एवढाच उपयोग मी आता ठेवला आहे. लिंबाचा रस अगदी शेवटी घाला. वर फेस आला तर पेला दोन मिनिटं ठेवून द्या, नंतर चमच्याने हलवा. केलेली स्मूदी दुपारसाठी राखू नका. लगेच प्यावी.

एवढं करूनही दोरे राहत असतील तर भांडं उलटून पाहा. पात्याची धार गेली असेल, पातं सैल झालं असेल, खालचा कपलर झिजला असेल. मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात या गोष्टी थोडक्या खर्चात होतात, त्यासाठी नवा मिक्सर लागत नाही. चालता चालता मिक्सर एकदम बंद पडला तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरना तळाशी लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते सुटतं. प्लग काढा, थोडा वेळ जाऊ द्या, बटण दाबा आणि मिश्रणात पाणी वाढवा. हॅन्ड ब्लेंडर असेल तर रुंद पातेलं टाळून उंच, अरुंद भांडं घ्या. आणि मिक्सर असो की हॅन्ड ब्लेंडर, पात्याला हात लावण्याआधी प्लग काढलेला असलाच पाहिजे. मुलं तुमचं पाहूनच शिकत असतात.

आता थोडं स्पष्ट बोलते. या पेल्याकडून नको तेवढी अपेक्षा करू नका. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. हा आकडा वाचून अनेक आया पालकाकडे वळतात, आणि त्यांची काळजी मला समजते. पण शंभर ग्रॅम पालकात लोह सुमारे तीन मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या वाटीभर पानांत एक मिलिग्रॅमही नाही, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त शोषलं जातं, दुधातल्या कॅल्शियमने कमी. म्हणून लोहाचा विचार असेल तर स्मूदी दुधात न करता पाण्यात करून लिंबू पिळा. मूल फिकट दिसत असेल, दमत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. रक्तक्षयावर स्मूदी हे औषध नाही.

काही गोष्टींना ठाम नकार द्या. अळूचं पान कच्चं कधीही वापरू नका. त्यातले सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात आणि घसा सुजतो. दुधी किंवा काकडी घालणार असाल तर आधी तुकडा चाखून पाहा. कडू लागली तर सगळी टाकून द्या. कडू दुधीचा रस विषारी ठरू शकतो, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी याबद्दल सावध केलेलं आहे. स्मूदीत केळ्याच्या गोडीने कडूपणा झाकला जातो, म्हणून इथे जास्त जपायचं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल किंवा आजी-आजोबा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असतील, तर रोजच्या पालकाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि स्मूदी मिळाली म्हणून ताटातली भाजी जाऊ देऊ नका. दात चावण्यासाठी आहेत. मेथीची परतून केलेली भाजी, चाकवताचं गरगट, चवळीची कोरडी भाजी यांची चव आणि पोत मुलाच्या तोंडाला ओळखीचा व्हायला हवा. नवी चव मुलाला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही पुढे यावी लागते. हिरवा पेला त्या ओळखीची पहिली पायरी आहे.

शेवटी मनातली एक गोष्ट. मुलापासून पालक लपवू नका. ‘चॉकलेट शेक आहे’ असं सांगून हिरवी पानं पोटात घातली तर पानं पचतील, पण फसवलं गेल्याचं कळलं की मूल तुमच्या हातचं सगळंच संशयाने पाहील. त्यापेक्षा त्याला शेजारी घ्या. पानं धुऊ द्या, फ्रीजरमधली पिशवी चुरडू द्या, त्या कुरकुर आवाजाची त्याला मजा वाटते. झाकण तुम्ही घट्ट धरा आणि आवाज कसा बदलतो ते त्याला ऐकू द्या. माझा नातू आता चमच्याच्या पाठीवरचा थेंब स्वतः तपासतो आणि “अजून एक मिनिट, आजी” असा निकाल देतो. त्याने पास केलेला पेला त्याने कधी परत केलेला नाही.

उद्या सकाळी तुमच्या घरी पेला अर्धा राहिला, तर रागावण्याआधी त्यातला एक घोट तुम्ही घ्या. घाईने गिळू नका, जिभेवर फिरवून पाहा. दोरा लागला तर मूल खरं बोलत होतं. त्याला तसं सांगा, आणि मिक्सर पुन्हा एक मिनिट फिरवा.